पुलाखाली सापडलेला ढब्बू

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून गप्प राहायचं, हे ज्याला जमतं तो माणूस शांत असणारच. कुणी गिअर खरवडला, कुणी भर चौकात गाडी बंद पाडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी मास्तरांचा आवाज चढत नसे. "डोक्याला शिकवू नका, पायाला शिकवा," ते म्हणत. "डोक्याला सगळं कळतं हो, पण नेमक्या वेळी ते पळून जातं. पाय जागेवर असतो." असे कितीतरी पाय त्यांनी शिकवून रस्त्यावर सोडले होते. ती माणसं अजून कुठे दिसली की गाडीतून हात करत. थोडक्यात, भला माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात की असली माणसं वेगळीच असतात. वेगळीबिगळी काही नसतात.

ढब्बू घरात आला तो सगळं जग दारं लावून बसलं होतं त्या दिवसांत. शाळा बंद, रस्ते ओस, मास्तरांची गाडी खाली उभी राहून धुळीने माखलेली. एकुलती एक लेक खिडकीत बसून स्वतःशीच बोलायला लागली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एखादं कुत्र्याचं पिल्लू तरी आणा." तेव्हा जो तो पिल्लू आणत होता. विकणाऱ्यांनी हात धुवून घेतले. घरात कोंडलेल्या माणसांना एक जिवंत खेळणं हवं होतं, ते मिळालं. मग दारं उघडली, माणसं कामाला लागली, आणि खेळणं दिवसभर एकटं बसून भुंकायला लागलं. शेजाऱ्यांच्या कटकटी, जनावरांच्या डॉक्टरचे खेटे, सुट्टीत बाहेर जायचं तर याला ठेवायचं कुठे, अशी कारणं निघत गेली. कारणांना कधी तोटा असतो का? ती सगळी पिल्लं, आता चांगली दांडगी झालेली, एकेक करून बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

मास्तरांनी मात्र ढब्बूला ठेवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तपकिरी रंग, एक कान उभा तर एक कायमचा पडलेला, आणि लहानपणी पोट इतकं गोल की लेकीने बघता क्षणी नाव ठेवलं. मास्तर जेवायला बसले की तो येऊन त्यांच्या पावलावर हनुवटी टेकायचा. खायला मागायचा नाही, नुसता टेकून पडायचा. पायाला मुंग्या आल्या तरी मास्तर पाय हलवत नसत.

मग घरमालकाचा मुलगा बायकोपोरांसह परत आला आणि महिनाअखेर घर खाली करा म्हणून निरोप आला. मास्तरांनी चपला झिजवल्या. कुत्रं आहे म्हटलं की घरं दाखवणाऱ्यांची तोंडं वाकडी व्हायची. कुत्रं चालेल म्हणणारी घरं मास्तरांच्या आवाक्याबाहेरची, आणि आवाक्यातली सगळी कुत्र्याला नाही म्हणणारी. शेवटी एक मिळालं. लेकीच्या शाळेपासून जवळ, बायको कामाला होती त्या औषधांच्या दुकानापासून जवळ, उजेडही छान. सोसायटीच्या कमिटीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी किल्ली दाखवली आणि म्हणाले, "जनावर तेवढं आणू नका. त्यात दयामाया नाही."

"हायवेला नेऊन सोड," गॅरेजवाला मित्र म्हणाला. "गाडी थांबवायची, दार उघडायचं, बिस्किट लांब फेकायचं. सगळे तेच करतात."

मास्तर एकदम उसळले. "मी कुत्रं रस्त्यावर टाकणाऱ्यातला नाही!"

हे वाक्य त्यांनी घरी येऊन बायकोला ऐकवलं, दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ बाईंना ऐकवलं, आणि लेकीला जवळ घेऊन तर शब्दच दिला. ढब्बूला चांगल्या जागी ठेवू, मोठं अंगण असेल, सोबतीला दुसरी कुत्री असतील, आणि दर रविवारी आपण भेटायला जाऊ. लेकीने विचारलं, "दर रविवारी म्हणजे प्रत्येक?" मास्तर म्हणाले, "प्रत्येक." हा शब्द पाळायचा होता. महिनाअखेरीच्या आत ढब्बूला शेल्टरमध्ये जागा मिळायला हवी होती, आणि त्याच्यासाठी काय वाटेल ते करायची मास्तरांची तयारी होती.

अडचण एकच होती. शेल्टर तुडुंब भरलं होतं. फोनवरची बाई पाठ केल्यासारखं म्हणाली, "मालकांकडून आम्ही कुत्री घेत नाही. तुम्ही आणलंय, तुम्ही सांभाळा. बेवारस सापडलं असेल तरच आणा." आणि मास्तर काही बोलायच्या आत फोन ठेवला.

"मग बेवारस म्हणून ने," गॅरेजवाला म्हणाला. "पण तिथे ताईंची परीक्षा असते, माहीत आहे ना?"

ताईंची परीक्षा गावभर गाजलेली होती. शेल्टर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, त्यांच्याहून मोठेसुद्धा. बाईंचा जिभेवर ताबा कमी आणि माणसांवर विश्वास त्याहून कमी. रोज कुणीतरी आपलंच कुत्रं दोरीला बांधून आणायचं आणि साळसूद चेहऱ्याने सांगायचं, "रस्त्यात सापडलं हो बिचारं." मग ताईंनी युक्ती काढली. आणणाऱ्याला अंगणाच्या एका टोकाला उभं करायचं, शेल्टरच्या दोन माणसांना दुसऱ्या दोन टोकांना, आणि मधोमध ताई स्वतः कुत्र्याची दोरी सोडणार. बोलायचं नाही, हात हलवायचा नाही. कुत्रं धावत ज्याच्या पायाशी जाईल तो त्याचा मालक. मग सगळ्यांदेखत दोरी त्याच्या हातात देऊन ताई त्याची अशी काही खरडपट्टी काढत की माणूस तोंड लपवत बाहेर पडे. दुसऱ्या कुणाला पाठवावं तर कोण जाणार? ढब्बू वाटेतल्या ओळखीवरही पायाशी धावणारा, आणि परीक्षेत सापडलं की ते लचांड आणणाऱ्याच्याच गळ्यात. ताईंना या युक्तीचा भारी अभिमान होता. त्या सगळ्यांना सांगत, "माणूस खोटं बोलेल, कुत्रं बोलत नाही."

"तुझा ढब्बू तर तुला बघून नाचतच येईल," गॅरेजवाला हसला. "त्याला आधी शिकवावं लागेल."

मास्तर हसले नाहीत. शिकवायचं म्हटल्यावर त्यांचं डोकं चालू लागलं होतं.

दुपारी दोन शिकाऊंच्या मधे त्यांना मोकळा वेळ असे. लेक शाळेत, बायको दुकानात. पहिल्या दिवशी ते घरी आले, दार आतून लावलं, बाथरूमच्या दाराशी पडलेली रबरी चप्पल उचलली आणि नेहमीच्या लाडक्या आवाजात हाक मारली, "ढब्बू, ये राजा." ढब्बू शेपटीने कपाटं झोडपत आला. मास्तरांनी चप्पल पाठीत मारली. ढब्बू थबकला. त्याने वर बघितलं, चपलेकडे बघितलं, आणि त्याला उलगडा झाला. त्याने ती चप्पल मास्तरांच्या हातातून अलगद दातांत धरली, टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि परत आणून त्यांच्या पायाशी ठेवली. पुन्हा टाका, म्हणून.

मास्तर खाली बसले आणि रडले. ढब्बूने त्यांचं तोंड चाटलं. त्या दिवशीचा धडा तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं. "ढब्बू, ये राजा," आणि चप्पल. जरा जोरात. पुन्हा तीच हाक आणि पुन्हा चप्पल. हाक तीच हवी होती, आवाजही तोच गोड हवा होता, ही मास्तरांची अक्कल. रागावून बोलावलं आणि मारलं तर कुत्रं रागाला भिणार. त्याने तर मास्तरांनाच भ्यायला हवं होतं, चांगल्या मूडमधल्या मास्तरांनासुद्धा. ढब्बू या वेळी चप्पल घेऊन पळाला नाही. तो पोट दाखवून आडवा पडला. तुम्ही म्हणाल ते कबूल, असं कुत्री सांगतात तेव्हा अशी पडतात. मास्तरांनी पोटावर मारली.

आठवडाभर हे चाललं, आणि प्रगती म्हणाल तर शून्य. दुपारी मार खाल्लेला ढब्बू जेवणाच्या वेळी पुन्हा टेबलाखाली यायचा आणि जरा घुटमळून पावलावर हनुवटी टेकायचा. त्याने माफ करून टाकलेलं असायचं. मास्तरांच्या तोंडात घास फिरायला लागला. त्यांना त्याचा राग यायला लागला. किती निर्लज्ज जनावर हे! मार खाऊनही गळ्यात पडतंय. ते पाय झटकत आणि लेक म्हणे, "बाबा, असं काय करतोस?"

बायकोला कळायला वेळ लागला नाही. ढब्बूला पुसताना तिचा हात त्याच्या बरगड्यांवरून फिरला आणि तो कळवळला. लेक झोपल्यावर ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अहो, एक सांगू?"

"सांग."

"वळ उठतील असं मारू नका. तिथे हात फिरवून बघत असतील."

तिने घडी नीट केली, खोक्यात ठेवली आणि दुसरा सदरा उचलला. "आणि लवकर आटपा काय ते," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

तिला बघवत नव्हतं, म्हणून ती बघत नव्हती. घराघरांत ही सोय असते.

वळ उठू नयेत म्हणून मास्तर पाण्यावर आले. पाण्याचा वळ उठत नाही. ढब्बूला गोड हाक मारून बाथरूममध्ये न्यायचं, गार पाण्याची बादली अंगावर रिकामी करायची, दिवा मालवायचा आणि दार लावून घ्यायचं. मग बाहेरून दारावर दोन्ही मुठींनी धडाधड मारत त्याच आवाजात म्हणायचं, "ढब्बू, ढब्बू, राजा माझा." आतून येणारं रडणं आधी कुत्र्याचं असे, नंतर नंतर ते कसलंच वाटेनासं झालं. खाणं त्यांनी अर्ध्यावर आणलं. लेकीने विचारलं तर म्हणाले, "त्याला कळलंय आपण निघालोय ते. जेवण जात नाही त्याला."

आणि खरं सांगायचं तर मास्तरांचा हात आता आपोआप उठू लागला होता. सकाळी एखाद्या शिकाऊने गाडी दुभाजकावर घातली, घरमालकाने जिन्यात उभं करून सगळ्यांसमोर दिवस मोजून दाखवले, की दुपारची ओढ लागायची. इतकी वर्षं गिळलेला आवाज बाहेर पडायला कुठेतरी जागा मिळाली होती. दार लावताना त्यांना मोकळं मोकळं वाटे. हे त्यांनी स्वतःला कधी कबूल केलं नाही. ढब्बूच्या भल्यासाठी चाललंय, हेच ते घोकत राहिले.

मग एका दुपारी किल्ली कुलपात फिरली, आत धडपड ऐकू आली, आणि दार उघडून बघतात तर ढब्बू धुण्याच्या मशीनमागे घुसलेला आणि तिथून मुताचा ओघळ आलेला. मास्तरांनी हाक मारली. तो भिंतीत शिरायला बघत होता. नखं फरशीवर कर्रकर्र वाजत होती. मास्तरांनी त्या दिवशी त्याला हातही लावला नाही. ओघळ पुसला, हात धुतले आणि पुढच्या शिकाऊला शिकवायला गेले. रात्री जेवताना टेबलाखाली कुणी आलं नाही. पाय मोकळे होते. पाय शिकला, मास्तर मनात म्हणाले, आणि ढब्बूचा भाग संपला असं समजून सामानाच्या मागे लागले.

रविवारी सकाळी लेकीने ढब्बूला मिठी मारली. तो तिच्या काखेत तोंड खुपसून थरथरत होता. "मी पण येते," ती म्हणाली.

"आज नको. तुला बघून तो तिथे राहायचाच नाही. पुढच्या रविवारी जाऊ ना."

बायको स्वयंपाकघरातल्या बरण्या कागदात गुंडाळत होती. तिने वळून बघितलं नाही.

मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड गाडीवरून काढून ठेवला, ढब्बूचा पट्टा काढला आणि गळ्यात सुतळीची दोरी बांधली. वाटेत पूल होता. तिथे त्यांनी गाडी थांबवली. मास्तरांना धडधडीत खोटं बोलणं जिवावर यायचं. पुलाखाली चिखल होता, त्यात त्यांनी ढब्बूला लोळवलं, म्हणजे नुसतं आडवं केलं, तो आपणहून हलतच नव्हता. मग दोरी सोडून दहावीस पावलं लांब गेले, दुसरीकडे बघत जरा उभे राहिले आणि परत आले. ढब्बू ठेवला होता तिथेच होता. "अरे, हा कोण?" असं काहीतरी ते पुटपुटलेसुद्धा. त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली. आता तो पुलाखाली सापडला होता. भल्या माणसाला खोटं बोलायलाही किती खटपट करावी लागते पाहा.

शेल्टरचं फाटक लांबून वासानेच कळत होतं, फिनाईल आणि त्याच्या खालून येणारा दुसरा वास. आत पिंजऱ्यांच्या रांगा. एकट्या कुत्र्यासाठी केलेल्या जागेत तिघंतिघं कोंबलेली. जागा संपली म्हणून अंगणाच्या कडेला जुन्या खाटा उभ्या करून आडोसे केले होते, त्यातही कुत्री. बहुतेकांच्या गळ्याभोवती केस झिजून कडं पडलेलं, पट्ट्याचं. भुंकण्याने कान किटत होते.

मास्तरांच्या पुढे एक बाई पांढरं, केसाळ कुत्रं घेऊन उभ्या होत्या. त्यांचीही गोष्ट रस्त्यात सापडल्याचीच. ताईंनी दोरी सोडली. केसाळ कुत्रं नाचत नाचत बाईंच्या अंगावर गेलं आणि थेट पर्समध्ये तोंड घालून खाऊ शोधायला लागलं.

"वा!" ताई कडाडल्या. "रस्त्यात सापडलं आणि पर्सचा कप्पासुद्धा माहीत झाला! लाज वाटते का? न्या. न्या हे घरी. दाराशी बांधून गेलात तर घर शोधून आणून सोडीन!"

बाई रडकुंडीला आल्या. मास्तरांना त्यांची कीव आली. काहीच तयारी न करता परीक्षेला येतात लोक.

"तुमचं?" ताईंनी विचारलं.

"पुलाखाली सापडला," मास्तर म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ निघाला.

"तिकडे उभे राहा. हलायचं नाही."

मास्तर अंगणाच्या टोकाला उभे राहिले. दुसऱ्या टोकांना शेल्टरचा एक दांडगा गडी आणि एक जाडजूड झाडूवाली. ताईंनी दोरी सोडली. ढब्बूने मान वर केली. त्याला मास्तर दिसले. तो पोटावर बसला, मागे मागे सरकत गेला, जाताना फरशीवर ओली रेघ उमटवत, आणि जाऊन भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून राहिला.

"नाही, याचा नाही," झाडूवाली म्हणाली.

"नाही," ताईंनीही मान हलवली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. शिकाऊ पहिल्या फटक्यात पास झाला की त्यांना जसं वाटे तसंच अगदी वाटलं. झालं एकदाचं. जागा मिळाली. लेकीला दिलेला शब्द पाळला गेला. "बरं, मग निघू मी?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा." ताई कोपऱ्याकडे बघत होत्या. "ए, त्याला घे रे आत."

दांडग्या गड्याने जाऊन ढब्बूच्या गळ्यातली दोरी धरायला हात पुढे केला. हात वरून खाली आला, आणि जन्मात कुणावर न गुरगुरलेल्या ढब्बूने त्याचं मनगट फोडलं. गडी शिव्या देत मागे झाला. त्याच्या बोटांवरून रक्त ठिबकलं. ढब्बू पुन्हा कोपऱ्यात, आणि त्याचे दात एकमेकांवर वाजत होते.

ताईंनी गड्याचं मनगट बघितलं, त्याला नळाकडे पाठवलं आणि पदराला हात पुसत परत आल्या. खरडपट्टी काढणारा आवाज आता कुठे गेला होता कुणास ठाऊक. "कुणीतरी नीट ठरवून मारलंय याला," त्या म्हणाल्या. "रागाच्या भरात मारलेलं कुत्रं वेगळं असतं. हे रोजचं आहे. संध्याकाळी डॉक्टर येतील तेव्हा याचं बघू."

"औषध देतील?"

"औषध!" ताई हसल्या. "सुई देतील. झोपवायचं, आणखी काय."

मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, "पण हे तर शेल्टर आहे!"

"म्हणूनच. बघताय ना जागा? माणसाला भिणारं, चावणारं कुत्रं दुसऱ्यांबरोबर ठेवता येत नाही. त्याला अख्खा पिंजरा लागतो. घरी नेणारं तर कुणी मिळतच नाही. त्याच्या एकट्यासाठी तीन गरीब कुत्री फाटकाबाहेर ठेवू का मी? पूर्वी असतं तर बसले असते त्याच्यामागे दिवसचे दिवस. माणसाळवलं असतं." त्यांनी मागच्या बाजूला मान उडवली. "हल्ली असलीच फार येतात. पूर्वी दहातली नऊ धावत मालकाकडे जायची, आम्ही दोरी हातात देऊन परत पाठवायचो. आता आजच्यासारखं एखादंच जातं. बाकी सगळी कोपऱ्यात. सगळी पुलाखाली सापडलेली."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग ओल्या रेघेकडे, मग पुन्हा मास्तरांकडे. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. परीक्षा कुणी काढली होती, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुमचा आहे का हो?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "असेल तर आत्ता सांगा. मी एक अक्षर बोलणार नाही. घेऊन जा, जीव लावा, वेळ द्या. सुधारेल तो. तुमचा असेल तर वाचेल."

मास्तरांना नवीन घराच्या खिडकीतला उजेड दिसला. अध्यक्षांच्या हातातली किल्ली दिसली. बांधलेली खोकी, उद्या येणारा टेम्पो. हो म्हणायला एकच अक्षर पुरत होतं. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"नाही हो," ते म्हणाले. "माझा कसा असेल? सांगितलं ना, पुलाखाली सापडला."

मास्तर वळले आणि फाटकाकडे चालू लागले. त्यांनी हाक मारली नाही, काही नाही. पाठ फिरवून गुपचूप चालले होते. बहुतेक म्हणूनच तसं झालं. हाकेला भ्यायचं त्यांनी शिकवलं होतं, हातांना, किल्लीला, आवाजाला भ्यायचं शिकवलं होतं. मास्तर निघून जाताना काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

पाठीमागे फरशीवर नखं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मास्तरांना तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. ढब्बू पोटावर सरपटत येत होता. तो थरथरत होता, दर दोन पावलांना चिरकत होता, पण येत होता.

"अहो!" ताई ओरडल्या. "अहो, थांबा! येतोय तो! तुमच्याकडे येतोय!"

मास्तरांनी पाऊल उचललं. फाटकाबाहेर पडले, फाटक ओढलं आणि बाहेरून कडी घातली. पलीकडे गजांच्या फटीतून एक तपकिरी नाक आलं आणि वास घेऊ लागलं. मास्तर गाडीत बसले. आरसा नीट करायची रोजची सवय, पण त्या दिवशी त्यांनी आरशाला हात लावला नाही.

घरी लेक जिन्यातच बसली होती. "आवडली का रे त्याला जागा?"

"खूप."

"रडला का? माझी आठवण आली असेल ना त्याला? पुढच्या रविवारी मी त्याचा चेंडू नेणार आहे."

पुढचा रविवार. मास्तर तिच्या शेजारी पायरीवर बसले. रस्ताभर त्यांनी पुष्कळ विचार केला होता, पण हे त्यांना तिथल्या तिथे सुचलं, आणि शिकाऊंना समजावताना काढत तोच समजूतदार आवाज लागला.

"खरं सांगू का बाळा? तो आत गेला, दुसऱ्या कुत्र्यांबरोबर खेळायला लागला, आणि मी किती हाका मारल्या तरी त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. विसरलाच तो आपल्याला. कुत्र्यांचं असंच असतं."

लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ बाहेर आला, मग आत गेला. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग मला पण नको तो," ती म्हणाली. "आपण नाही जायचं रविवारी."

मास्तर म्हणाले, "नाही जायचं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात वर आला तसे तिचे डोळे क्षणभर मिटले, मग ती त्यांना टेकून बसली. वरून बायकोने हाक मारली, खोक्यांना दोरी बांधायला कुणीतरी या म्हणून, आणि दोघं उठून वर गेले.